राजान पळूचा खंय?

"ताई, तालची ही चाल चुकीची आहे."

रविवारच्या वर्गातला एक मुलगा हे म्हणाला तेव्हा त्याच्या हातात आईचा फोन होता. मी भिंतीवरच्या पटावर १९६० चा डाव लावला होता. मॉस्को, बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातला सहावा डाव, पांढरी मोहरी मिखाईल बोटविनिक यांची, काळी मिखाईल ताल यांची. एकविसाव्या चालीला ताल आपला घोडा एफ४ वर नेऊन ठेवतात, सरळ प्याद्याच्या तोंडी. सभागृहात तेव्हा इतका गलका झाला की दोघांना आतल्या खोलीत नेऊन डाव पुढे चालवावा लागला. आमच्या वर्गात त्या मुलाने स्थिती फोनवर टाकली, क्षणभर वाट पाहिली आणि निकाल दिला. इंजिनचा, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमचा, आकडा पांढऱ्याच्या बाजूला सरकला होता.

आकडा खोटा नव्हता. त्या घोड्याला उत्तर आहे, आणि ते संगणक येण्याच्या कितीतरी आधी माणसांनीच शोधलं होतं. पंचविसाव्या चालीला बोटविनिक यांनी हत्तीने वजीर मारला. त्याऐवजी उंटाने एफ३ वरचं प्यादं घेतलं असतं तर पांढऱ्याचं पारडं जड झालं असतं. पण पटावर बसलेल्या, घड्याळ चालू असलेल्या, जगातल्या सर्वांत शिस्तशीर खेळाडूला ती चाल सापडली नाही आणि तेवीस वर्षांच्या तालने तो डाव जिंकला, पुढे सामनाही. फोनने दिलेलं उत्तर एका प्रश्नाचं होतं आणि तालने बोटविनिक यांना घातलेला प्रश्न वेगळा होता. वर्गात हे नीट सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी मालवणात एका मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहिते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर वर ओढलेले असतात, लिलावाच्या पावत्या नसतात, त्यामुळे पावसाळ्याचे हे दोन महिने मी बुद्धिबळाला देते. खेळते ते पत्राचं बुद्धिबळ. पूर्वी पोस्टकार्डावर चालायचं, आता सर्व्हरवर चालतं. तिथे दहा चालींना पन्नास दिवस मिळतात आणि इंजिन वापरायला आंतरराष्ट्रीय महासंघाची उघड परवानगी आहे. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर इंजिन रात्रभर चालू असतं आणि समोरच्याच्याही. अशा खेळात आकड्यांशी रोजचा संबंध येतो. आकडा कुठे भरवशाचा आणि कुठे नाही, हे कळल्याशिवाय तिथे एक डावही जिंकता येत नाही. राजावरच्या खोल हल्ल्यात, मोहरा देऊन केलेल्या हल्ल्यात, तर नाहीच.

आधी आकडा येतो कुठून ते बघू. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली संगणकाने बुद्धिबळ कसं खेळावं याचा आराखडा मांडला. चालींच्या फांद्या उघडत जायच्या, टोकाला पोचलं की त्या स्थितीला गुण द्यायचे. गुणांचा मोठा भाग मोहऱ्यांच्या किमतीचा: प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. राजाची अशी किंमत ठरवता येत नाही, म्हणून त्याच्या सुरक्षिततेची गणती स्वतंत्र करावी लागली. किल्लेकोटापुढची प्यादी जागेवर आहेत का, राजाच्या आजूबाजूच्या घरांवर शत्रूच्या किती मोहऱ्यांची नजर आहे, जवळची उभी पट्टी उघडी आहे का. हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हाताने ठरवलेल्या वजनांवर चालायचं. उंट दिला की तीन गेले, हे पक्कं. राजा उघडा पडला त्याचे किती मिळाले, हे मात्र त्या माणसाच्या अंदाजावर.

वजन वाढवून बघणारेही होते. ब्रिटनचे ख्रिस व्हिटिंग्टन यांनी १९९० च्या दशकात 'चेस सिस्टिम ताल' नावाचा प्रोग्रॅम केला, राजावरच्या हल्ल्याला भरघोस गुण देणारा. मला अशा प्रयत्नांबद्दल फार आदर आहे. पण वजन सरसकट वाढवलं की प्रोग्रॅम खऱ्या हल्ल्याबरोबर पोकळ हल्लाही करतो आणि शांतपणे मोहरा खिशात घालणारा प्रतिस्पर्धी भेटला की हरतो. हल्ला खरा की पोकळ, हे त्या एका स्थितीकडे बघून ठरत नाही. पुढे चालून बघावं लागतं.

आणि अडचण नेमकी पुढे चालण्यातच आहे. सगळ्या फांद्या सारख्या खोल उघडायच्या म्हटल्या तर दहा चालींतच आकडे हाताबाहेर जातात, म्हणून इंजिन छाटणी करतं. आमच्या बंदरावरच्या लिलावात वरच्या टोपल्यांतला पापलेट-सुरमई प्रत्येक व्यापारी हात घालून पाहतो आणि मागच्या टोपल्यांवरून नुसती नजर फिरवतो, तसंच इंजिन चालींची रांग लावतं. मारामारीच्या, शह देणाऱ्या, आधी फायद्याच्या ठरलेल्या चाली पुढे. शांत चाली मागे, आणि मागच्यांना कमी खोली. दुसरी युक्ती अशी: "समजा मी आत्ता चालच केली नाही, तरी माझं बरं चाललंय का?" उत्तर हो आलं की ती फांदी तिथेच तोडायची. शिवाय टोकाला पोचल्यावर फक्त माराच्या, क्वचित शहाच्या चाली थोड्या पुढे नेऊन बघायच्या, म्हणजे अर्ध्या मारामारीत गुण द्यायची वेळ येत नाही.

आता या तिन्ही युक्त्या खोल बलिदानाला लावून बघा. पहिली चाल मोहरा देते, म्हणजे तोट्याची, रांगेत मागे. मग दोन शह, हे ठीक. आणि मग येते ती शांत चाल. हत्ती तिसऱ्या ओळीवर उचलून बाजूला न्यायचा, किंवा आपला राजा एक घर सरकवायचा, किंवा उंट एक घर मागे घ्यायचा. शह नाही, मार नाही. बचाव करणाऱ्याकडे एक मोहरा जास्त असतो, म्हणून "चाल केली नाही तरी बरं चाललंय" असं कमी खोलीवर वाटतं आणि फांदी तुटते. मात त्या तुटलेल्या फांदीच्या पुढे दोन चालींवर असते.

बलिदानाचा सगळा जीव त्या शांत चालीत असतो. उंटाने एच७ वरचं प्यादं मारून मग घोडा जी५ वर आणि वजीर एच५ वर आणणं कोणताही प्रोग्रॅम डोळ्यांचं पातं लवायच्या आत सोडवतो. त्यात गणित आहे, निर्णय नाही. ऑस्ट्रियाचे खेळाडू रुडॉल्फ स्पिलमान यांनी फार पूर्वीच ही विभागणी केली होती: ज्याची परतफेड मोजून दाखवता येते ते खोटं बलिदान, आणि ज्याची मोजता येत नाही ते खरं. जुनी इंजिनं पहिल्या प्रकारात अजिंक्य होती. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने शेवटच्या, सहाव्या डावात कास्पारोव्ह यांच्याविरुद्ध ई६ वर घोडा दिला, तेव्हा संगणक बलिदान करायला शिकला असं पुष्कळांना वाटलं. सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या त्या यंत्राने ती चाल तपासून काढली नव्हती. माणसांनी भरलेल्या सुरुवातीच्या चालींच्या साठ्यात ती होती. डाव १९ चालींत संपला.

खऱ्या बलिदानाचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे नेदरलँड्समधली वाइक आन झेची स्पर्धा, १९९९, कास्पारोव्ह विरुद्ध टोपालोव्ह. चोविसाव्या चालीला कास्पारोव्ह डी४ वरचं प्यादं हत्तीने मारतात. त्या प्याद्याला सी५ चा आधार आहे, म्हणजे हत्ती गेला. टोपालोव्ह घेतात. मग दुसरा हत्ती ई७ वर शह देत उभा राहतो. त्याला वजिराने मारलं तर मात. मग काळा राजा ए७ वरून निघतो आणि बी६, ए५, ए४, ए३, बी४, सी३, डी२ असं करत डी१ पर्यंत, म्हणजे पांढऱ्याच्या घरातल्या शेवटच्या ओळीपर्यंत चालत येतो. आणि तिथे, छत्तिसाव्या चालीला, कास्पारोव्ह एच३ वरचा उंट शांतपणे एफ१ वर ठेवतात. शह नाही. उंट वजिराच्या तोंडी आहे, तरी घेता येत नाही. मी हा डाव कितीही वेळा लावला तरी त्या चालीला हात थांबतोच.

आजचं इंजिन या डावाबद्दल काय म्हणतं? टोपालोव्ह यांनी हत्ती घेतलाच नसता, राजा बी६ वर नेला असता, तर काळा सुखरूप होता. पुढे अठ्ठाविसाव्या चालीला वजीर सी३ वर नेण्याऐवजी हत्ती ए७ वर नेणं जास्त जोरदार होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींनी माझा आनंद वाढवला. हत्ती घेणं ही चूक होती, हे कळल्यामुळे तो हत्ती किती मोहक आमिष होता हेही कळतं. पण फोनवर "बी६ ला ०.००", म्हणजे बरोबरी, असं वाचून "कास्पारोव्हचं बलिदान बरोबर नव्हतंच" असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ०.०० हे वाक्य अर्धंच आहे. त्यातली एक बाजू कितीही चुकली तरी बरोबरीत राहते आणि दुसरी एक पाऊल चुकली की मरते, अशी बरोबरी त्या दोन शून्यांत दिसत नाही.

हे मला पुस्तकात किंवा पडद्यावर नव्हे, आमच्या वाडीतल्या अण्णांकडे कळलं. अण्णांचं वय ऐंशीच्या घरात. पाऊस लागला की त्यांच्या ओट्यावर पट मांडलेला असतो आणि बंदीच्या दिवसांत रिकामी असलेली मंडळी नंबर लावून खेळतात. मध्यंतरी बर्फाच्या कारखान्यातल्या एका तरुणाबरोबर खेळताना अण्णांनी उंटाने एच६ वरचं प्यादं मारलं. प्याद्याने उंट घेतला, वजीर एच६ वर आला, आणि मग अण्णांनी घाई न करता ई१ चा हत्ती ई३ वर उचलला, पुढे जी३ वर न्यायला. तो तरुण खूप वेळ विचार करत बसला आणि हरला. मी स्थिती लिहून आणली आणि घरी लॅपटॉपवर टाकली. सुरुवातीला इंजिन अण्णांना एका प्याद्याहून जास्त तोट्यात दाखवत होतं. मी चाली हाताने पुढे नेल्या, हत्ती ई३ वर आल्यावर थांबले, तेव्हा आकडा चढत चढत ०.०० वर येऊन टेकला.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं, "अण्णा, तुमचा उंट बरोबरीचा निघाला."

अण्णा म्हणाले, "तुझा मशीन काय म्हणता ता ऱ्हवांदे. तेका इचार, राजान पळूचा खंय?"

मी खरंच विचारलं. काळ्यासाठी एकाऐवजी पाच पर्याय दाखवायला इंजिनला सांगितलं. पहिला पर्याय: घोडा ई४ वर टाकून मोहरा परत द्यायचा, ०.००. दुसरा पर्याय: पांढरा जवळजवळ चार प्याद्यांनी पुढे. तिसऱ्यापासून मात. अण्णांच्या हत्तीच्या चालीनंतर काळ्याला वाचायला एकच वाट होती, आणि ती वाट हातातला मोहरा परत करण्यातून जात होती, म्हणजे माणसाच्या मनाला सगळ्यात उशिरा सुचणारी. अण्णांनी यातलं काही मोजलं नव्हतं. राजाला घरं उरली नाहीत आणि बचावाची मोहरी दुसऱ्या कोपऱ्यात आहेत, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

तेव्हापासून हल्ल्याची स्थिती तपासताना मी पहिल्या आकड्यापेक्षा पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायातलं अंतर आधी बघते. बचावाला पाच चाली सारख्याच चांगल्या असतील तर हल्ला पोकळ आहे, आकडा ०.०० असला तरी. एकच चाल असेल, तिच्यानंतर पुन्हा एकच, आणि त्यातली एखादी शांत असेल, तर तो हल्ला ओट्यावर जिंकणारा आहे, आकडा थोडा उणे असला तरी. तालचा एफ४ वरचा घोडा याच जातीचा.

दुसरं म्हणजे, इंजिनला नुसतं चालू ठेवून झोपू नये. त्याला हाताला धरून पुढे न्यावं. हल्ल्याची जी ओळ आपल्याला खरी वाटते ती शांत चालीपर्यंत पटावर खेळायची, तिथे थांबू द्यायचं, मग एकेक चाल मागे यायचं. इंजिनच्या स्मरणात पुढचं शोधलेलं राहतं, म्हणून परतताना आकडे बदलत जातात. जी फांदी मुळाशी बसून छाटली गेली होती, ती टोकाकडून उलटं आल्यावर दिसते. मालवणात हे काम पावसाळ्यात करायचं म्हणजे लाईट जाण्याशी शर्यत असते. बॅटरी संपून इंजिन बंद पडलं की स्मरणातलं सगळं पुसलं जातं आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते, म्हणून मी प्रत्येक टप्प्याचे आकडे वहीत लिहिते. हिशेबनिसाची सवय इथे उपयोगी पडते.

इंजिनं बदललीत, हेही सांगायला हवं. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीचा अल्फाझीरो हा प्रोग्रॅम आला. त्याला फक्त नियम दिले होते. मोहऱ्यांच्या किमतीही नाहीत. स्वतःशी खेळून तो शिकला आणि स्टॉकफिश या आघाडीच्या इंजिनविरुद्ध शंभर डावांत २८ जिंकला, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. पुढच्या वर्षी आलेल्या शोधनिबंधात वेगाची तुलना आहे: स्टॉकफिश सेकंदाला सुमारे ६ कोटी स्थिती बघत होता, अल्फाझीरो सुमारे ६० हजार. हजारपटीने कमी बघून तो प्यादी, कधी मोहरी देत होता आणि समोरच्या राजाला पंधरा-वीस चाली कोंडून ठेवत होता. स्पिलमान ज्याला खरं बलिदान म्हणत ते आता यंत्राकडून होऊ लागलं. मग २०२० मध्ये स्टॉकफिशनेही हाताने लिहिलेल्या गुणांच्या जोडीला लहानसं न्यूरल जाळं, म्हणजे उदाहरणांतून स्वतः शिकणारा भाग, घेतलं. जपानचे यू नासू यांनी ते शोगीसाठी, म्हणजे जपानी बुद्धिबळासाठी, तयार केलं होतं. तेव्हापासून माझ्या साध्या लॅपटॉपवरही राजावरच्या हल्ल्याचा पहिला आकडा पूर्वीपेक्षा खूप शहाणा येतो. लीला नावाचं दुसरं इंजिन तर जिंकणं, बरोबरी, हरणं यांची शक्यता वेगवेगळी दाखवतं. मला ते आवडतं, पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या लॅपटॉपवर ते रांगतं.

याच काळात माणसंही बदलली. २०१३ मध्ये वाइक आन झेला आनंद यांनी काळ्या मोहऱ्यांनी आरोनियन यांना २३ चालींत हरवलं. घोडे, उंट एकामागून एक मारात ठेवत गेले आणि पांढऱ्याचा राजा कोपऱ्यात जाऊन अडकला, तिथून हलायला जागाच नव्हती. त्यातली कल्पना २०१२ च्या गेल्फांड यांच्याविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यासाठी घरी तयार केलेली होती. मला वर्गातल्या मुलांना हा डाव दाखवायला फार आवडतं. आकडा बघून चाल टाकून देण्याऐवजी इंजिनपुढे तासन्‌तास बसून त्याच्याशी वाद घालणारा माणूस त्यात दिसतो.

पत्राच्या बुद्धिबळात मात्र अण्णांची रीत चालत नाही. तिथे समोरच्याकडेही इंजिन आहे. एकच वाट असली तरी त्याला ती सापडणार. वरच्या पातळीवरचे जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात ते त्यामुळेच. तिथे बलिदान करायचं तर समोरच्या इंजिनलाही मुळाशी बसून दिसत नाही अशी, फार लांबची शांत चाल हवी.

सध्या जर्मनीतल्या एका खेळाडूबरोबर माझा असा एक डाव चालू आहे. माझी पांढरी मोहरी. एक साधी चाल आहे, इंजिन तिला +०.२, म्हणजे मला प्याद्याच्या पाचव्या भागाइतकी आघाडी, देतं आणि तिच्यातून शंभरपैकी शंभर वेळा बरोबरीच होणार. दुसरी चाल जी७ वर हत्ती द्यायची, तिला ०.००. ही ओळ मी हाताने पुढे नेत गेले तेव्हा काळ्याला लागोपाठ फक्त एकेकच बरी चाल उरत गेली, आणि त्या सगळ्या केल्यावरही शेवटी माझ्या दोन पुढे गेलेल्या प्याद्यांसमोर त्याचा राजा पटाच्या मधोमध उघडा राहतो. तिथून मागे परतताना आकडा ०.०० चा +०.४ झाला. फार नाही, पण साध्या चालीने मिळेल त्यापेक्षा जास्त.

आज सकाळी हत्ती जी७ पाठवला. उत्तर यायला वेळ आहे. तोवर काळ्याचा तिसरा पर्याय उघडायचा आहे. त्यात माझा वजीर एच४ वर आल्यानंतर काय होतं ते इंजिनने अजून नीट पाहिलेलं नाही.